ओळखा पाहू!

‘उखाणा’ हा आपल्या मराठीतील एक गमतीदार शब्द आहे. आज तो कानी पडला की लग्नमंडपात पतीचे नाव घेताना लाजणारी नववधू आणि तिला आग्रह करणाऱ्या करवल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु घरातील एखाद्या वयोवृद्ध माणसाला विचारून पाहावे. त्याच्या लेखी उखाणा म्हणजे कोडे. कोकणात त्यालाच हुमाण म्हणतात. वरवर हे दोन अर्थ एकमेकांपासून दूर वाटतात; पण थोडा विचार केला तर दोन्हींची रीत एकच आहे. नाव घेणारी वधू नाव एकदम उच्चारीत नाही. आधी ती चांदीच्या ताटाविषयी बोलते, मोगऱ्याच्या फुलाविषयी बोलते, ऐकणाऱ्यांना भलतीकडेच नेते आणि मग हळूच खरा माणूस पुढे करते. कोडे घालणाराही तेच करतो. फरक इतकाच, की अखेरचा शब्द तो आपल्या तोंडून वदवून घेतो.

वसईकडच्या आमच्या आजोळी संध्याकाळची रोझरी आटोपली आणि जेवणाला अवकाश असला, की ओटीवर हुमाणे सुरू होत. कोणी विचारी, “आभाळात विहीर, विहिरीला तीन डोळे, पाणी प्यायचे तर विहीरच फोडावी लागते. ओळखा पाहू!” दुसरा म्हणे, “अंगावर दहा अंगरखे. उतरवणारा रडतो आणि ज्याचे उतरवले तो गप्प.” एखादी काकी देव्हाऱ्याकडे मुद्दाम पाठ करून विचारी, “पांढरा साधू उभ्याउभ्या झिजतो आणि घर उजळतो, तो कोण?” नारळ, कांदा, मेणबत्ती ही उत्तरे सांगितली की अरे, एवढेच काय ते, असे वाटून सारे हसत.

त्या हसण्यात काय दडलेले असते, याचा विचार आम्ही अलीकडे पुष्कळदा करतो. कोडे कधी खोटे बोलत नाही, ही पहिली गोष्ट. नारळाला खरोखरच तीन डोळे असतात आणि त्यातले पाणी फोडल्यावाचून मिळत नाही. घोटाळा होतो तो ऐकणाऱ्याच्या घाईने. ‘विहीर’ म्हटल्याबरोबर तो मनात रहाट आणि पोहरा मांडून मोकळा होतो. दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. कोड्याचे उत्तर बहुधा घरातलीच वस्तू असते. सुई, जाते, चूल, मिरची, दिवा, केरसुणी. राजाचा मुकुट किंवा दूरदेशीचे नवल हुमाणात क्वचितच सापडते. ज्या वस्तूकडे आपण दिवसातून दहा वेळा पाहतो आणि म्हणूनच जी आपल्याला दिसेनाशी झालेली असते, तिला कोडे क्षणभर अनोळखी करते व पुन्हा आपल्या हाती देते.

गावांची नावेदेखील कधी कधी हुमाणासारखी वागतात. खोपट म्हणजे गवताकुडाचे, गरिबाचे लहानसे घर. ठाण्याच्या पश्चिमेला एस.टी.च्या आगारापाशी जो खोपट नावाचा भाग आहे, तेथे एखादा नवखा प्रवासी उतरला तर त्याला दिसतील त्या गाड्यांच्या रांगा, चहाच्या टपऱ्या, उंच इमारती आणि त्यांच्या मधोमध अद्याप तग धरून असलेल्या चाळी. नाव ऐकून कोणी झोपडी शोधू लागला तर फसेल. मग आपल्या समाजाच्या नावाचे काय? देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या राहणारे आपले लोक, आणि नाव काय तर ‘ईस्ट इंडियन’! नकाशा समोर ठेवून हे कोडे सुटावयाचे नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीपासून तिच्या नोकरीत शिरलेल्या इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी, बाहेरून मुंबईत आलेल्या आपल्याच धर्मबांधवांपासून स्वतःची ओळख निराळी राहावी म्हणून, १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी हे नाव घेतले, ही हकीगत ठाऊक असावी लागते. ज्याने नाव ऐकून आम्हांला कलकत्त्याचे समजले, त्याला हसण्यात अर्थ नाही. त्याला अजून कोणी उत्तर सांगितलेले नसते, एवढेच.

बेथलेहेमच्या मेंढपाळांनाही देवदूताने एक कोडेच घातले होते, असे आम्हांस वाटते. तारणारा जन्मला आहे, तो प्रभू आहे, ही वार्ता. आणि खूण कोणती? तर बाळंत्यात गुंडाळलेले, गव्हाणीत निजवलेले मूल! राजपुत्र शोधण्यासाठी गुरांच्या चाऱ्याच्या जागी पाहावे, असे कोणा शहाण्याला सुचले असते? मेंढपाळांना मात्र गव्हाणी ठाऊक होत्या. उत्तर त्यांच्या घरातल्या वस्तूतच होते. शिवाय बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे, हे वाचकांनी येथे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पवित्र शास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध कोडे शमशोनाचे. शास्ते या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात ते आहे, आणि योगायोग असा की तेही लग्नाच्याच मेजवानीत घातलेले आहे. खाणाऱ्यातून खाद्य निघाले आणि बलवंतातून गोडी निघाली, अशा आशयाचा तो प्रश्न. शमशोनाने सिंह फाडला होता व पुढे त्याच्या सांगाड्यात मधमाश्यांनी पोळे केले होते. त्यातला मध त्याने खाल्ला. तीस तागाची वस्त्रे व तीस पोशाख अशी पैज लागली. स्पष्टच बोलावयाचे तर कोडे म्हणून ते आम्हांस फारसे पसंत नाही. जी घटना एकट्या शमशोनाने पाहिली, ती पाहुण्यांनी तर्काने कशी ओळखावी? ऐकणाऱ्याच्या आवाक्यात उत्तर नसेल तर ते कोडे नव्हे, सापळा होय. अखेर पलिष्ट्यांनी नवरीला धमकावून उत्तर काढले, शमशोनाने अष्कलोन येथे तीस माणसे मारून पैजेचे पोशाख आणले आणि संसार मोडला.

देवाची कोडी अशी नसतात. सेमिनरीत असताना आमच्या एका वृद्ध प्राध्यापकांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय शिकवताना फळ्यावर एक ग्रीक शब्द लिहिला होता: ‘ऐनिग्मा’. आज आपले पाहणे आरशातले आहे, पुढे ते समोरासमोरचे होईल, असे संत पौल तेथे सांगतात. त्या काळचे आरसे काचेचे नसत. घासूनपुसून चकचकीत केलेल्या धातूचे असत. त्यामुळे भाषांतरांत पुष्कळदा ‘अंधुक’ किंवा ‘अस्पष्ट’ असा शब्द येतो, आणि तो चुकीचाही नाही. परंतु पौलाच्या शब्दाचा मूळ अर्थ कोडे असा आहे. गणना या पुस्तकात देव म्हणतो की मोशेशी मी कोड्यांतून बोलत नाही, समोरासमोर बोलतो. त्याचाच हा प्रतिध्वनी. अंधुक दिसणे आणि कोड्यात दिसणे यांत आम्हांस मोठे अंतर वाटते. धुके कोणी घालीत नाही. ते पडते, आणि विरेपर्यंत वाट पाहण्यापलीकडे आपल्या हाती काही नसते. कोडे मात्र कोणीतरी घातलेले असते. ज्याने घातले त्याला उत्तर ठाऊक असते आणि आपण ते ओळखावे अशी त्याची इच्छा असते. आपल्या आयुष्यातील न उमगणाऱ्या गोष्टी धुके आहेत की कोडे, हा प्रश्न आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला कधी ना कधी पडतोच.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. कोडे सुटले की संपते. नारळ ओळखल्यावर ते हुमाण पुन्हा घालण्यात गंमत राहत नाही. श्रद्धेतील रहस्याचे तसे नाही. त्याचे उत्तर आपल्याला बालपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितलेले असते, पाठही करून घेतलेले असते, आणि चाळीस वर्षे रोज वेदीपाशी उभे राहिल्यावरही ते उत्तर जुने होत नाही.

नाझरेथच्या लोकांची अडचण निराळी होती. त्यांना येशू अनोळखी नव्हता. फारच ओळखीचा होता. हा सुतार, ही याची आई, हे याचे नातलग, असे ते मार्कच्या शुभवर्तमानात म्हणतात आणि अडखळतात. प्रथमदर्शनी फसणे म्हटले की आपल्याला वाटेवरचा परका माणूस आठवतो. आमच्या अनुभवास असे येते की सर्वांत जास्त फसगत घरातल्या आणि शेजारच्या माणसांबाबत होते. रोज पाहिलेल्या माणसाकडे पुन्हा कोण पाहतो?

आणि पुन्हा पाहणारे काही असतात तेही संशयाने. अमका देवळात पुढच्या बाकावर बसतो, पण खरा कसा आहे हे आम्हांला विचारा, असे म्हणणारे लोक प्रत्येक धर्मग्रामात आढळतात. तेही वरवरच्या रूपापलीकडे पाहतात, नाही असे नाही. पण पलीकडे त्यांना नेहमी घाणच सापडते. हुमाणाची नजर तशी नव्हे. हुमाण काळ्याकुट्ट करवंटीत पाणी शोधते.

दिसणे आणि असणे यांच्या या खेळात डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवावी, असे संत थॉमस अक्वायनस यांनी ख्रिस्तप्रसादावरील आपल्या लॅटिन स्तोत्रात सुचविले आहे. दृष्टी, स्पर्श, चव ही तिन्ही तेथे फसतात. जे ऐकले त्यावरच विश्वास टाकावा लागतो, असा त्याचा भाव. गंमत म्हणजे हेच थॉमस विद्यार्थिदशेत इतके अबोल होते की सहाध्यायी त्यांना ‘मुका बैल’ म्हणत. डोळ्यांची व कानांची ही तक्रार आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अगदी उगमाशीही आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, येशूसंघीय, १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. त्या काळी एखाद्या पंडिताने ते हाती घेतले असते तर फिरंग्यांचे पुस्तक म्हणून खाली ठेवले असते. कोणीतरी मोठ्याने वाचून दाखविले असते तर मात्र त्याला अस्सल मराठी ओवी ऐकू आली असती. डोळ्याला परके, कानाला आपले!

हे सारे आम्ही ज्याच्या निमित्ताने लिहीत आहोत, तो मुलगा खोपटच्या एका चाळीत राहतो. वय तेरा. समज आणि वाणी वयाच्या पुष्कळ मागे. एका वेळी दोन-तीन शब्द बोलतो, कधी तेवढेही नाही. आनंद झाला की मोठ्याने आरोळी देतो. वडील गाड्या दुरुस्तीच्या कामावर, आई शिवणकाम करते, आणि मूळची वसईची आजी दिवसभर त्याच्या सोबतीला. खिडकीशी बसून हा मुलगा वळणावर न दिसणारी एस.टी. आवाजावरून ओळखतो. ही साधी, ही शिवनेरी, हिचा ब्रेक वाजतो. अलीकडे विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या आहेत, त्या मात्र त्याला चकवतात. तेव्हा तो खट्टू होतो.

त्याच्या बरोबरीच्या मुलांनी पहिला ख्रिस्तप्रसाद केव्हाच घेतला होता. हे कुटुंब पूर्वी जेथे राहत असे, तेथे दोनदा ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे सांगण्यात आले होते. आमच्याकडे ते आले तेव्हा आईने काही मागितलेच नाही. ती मिस्साला दाराजवळच्या बाकावर बसे, म्हणजे मुलगा ओरडला तर चटकन बाहेर जाता यावे. विषय काढला तो आजीने. “फादर, माझे वय झाले. याने प्रभूला घेतलेला मी पाहीन काय?” एवढेच ती म्हणाली.

आमच्या धर्मशिक्षकांत दोन मते पडली. एकजण कळकळीने म्हणाले, “फादर, त्याला दहा आज्ञा येत नाहीत, प्रार्थना अर्धीच येते. उद्या कोणी विचारले तर आपण काय सांगावे?” त्यांच्या म्हणण्यात खोटेपणा नव्हता, संस्काराचा मान राखला जावा अशीच त्यांची तळमळ होती. एका पालकांना निराळी चिंता होती. समारंभाच्या दिवशी तो मध्येच ओरडला तर चित्रफितीत ते येईल. या चिंतेला आम्ही फार वेळ दिला नाही.

पहिल्या शंकेला मात्र उत्तर देणे आवश्यक होते. आम्ही गोरेगावच्या ज्या सेमिनरीत शिकलो, ती पोप दहावे पायस यांच्या नावाची. याच पोपमहाशयांच्या काळात, १९१० साली, मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाविषयीचा आदेश निघाला. तोवर अनेक ठिकाणी मुलांना बारा-चौदा वर्षांपर्यंत थांबवून ठेवीत. आदेशाने ती वाट मोकळी केली आणि साधारण सातवे वर्ष, म्हणजे समज येऊ लागण्याचे वय, पुरेसे मानले. संपूर्ण धर्मशिक्षण अवगत असण्याची अट त्याने ठेवली नाही. मुलाला आपल्या कुवतीप्रमाणे श्रद्धेच्या मुख्य गोष्टी कळाव्यात आणि वेदीवरील भाकर व रोजची भाकर यांतला भेद त्याला ओळखता यावा, एवढे त्याने मागितले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ९१३ वे कलमही मुलांनी हे रहस्य ‘आपल्या कुवतीनुसार’ समजून घ्यावे असेच सांगते. म्हणजे प्रश्न पाठांतराचा उरत नाही. प्रश्न एकच उरतो, आणि तो हुमाणाचा आहे. हे जे दिसते आहे, ते खरोखर काय आहे? ओळखा पाहू!

एका शनिवारी दुपारी आम्ही त्याला व आजीला देवळात बोलावले. धर्मशिक्षकही होते. आम्ही एक साधी ओस्ती, अभिषेक न झालेली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि विचारले, “बाळा, हे काय?”

त्याने हुंगून पाहिली. “भाकर.”

मग आम्ही वेदीमागच्या पवित्र पेटीकडे बोट केले. लाल दिवा तेवत होता. “आणि तिथे आत?”

तो बोलेना. बराच वेळ गेला. बाहेरून रिक्षांचा आवाज येत होता. धर्मशिक्षकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही त्यांच्याकडे पाहण्याचे टाळले. मग मुलगा आजीकडे वळला आणि, जशी घरी सुरुवात होत असावी तशा सुरात, अडखळत म्हणाला, “मातीत पुरला...”

आजीच्या लक्षात आले. तिने आम्हांला सांगितले की हे त्यांच्या घरातले हुमाण आहे, रोज भाकऱ्या करताना ती त्याला घालते. मातीत पुरला, वर आला. दगडात भरडला, पांढरा झाला. आगीत गेला, सगळ्यांना पुरला. ओळख पाहू कोण? त्याचे उत्तर गहू. ज्या आपल्या भाषेत गाडणे आणि भागणे या दोन्हींना ‘पुरणे’ हा एकच शब्द आहे, तिच्यातच असे कोडे होऊ शकते.

आजीने मुलाच्या पाठीवर हात ठेवून हुमाण सावकाश पुरे केले, आणि नेहमीप्रमाणे विचारले, “कोण रे?”

त्याने हातातल्या ओस्तीकडे पाहून म्हटले, “गहू.” मग लाल दिव्याकडे बोट केले आणि म्हटले, “येशू.”

आम्ही तेथे व्याख्यान दिले नाही. देण्यासारखे काही शिल्लकही नव्हते. धर्मशिक्षकांनी खिशातून वही काढली आणि त्याचे नाव यादीत लिहिले. मागाहून ते आम्हांला म्हणाले, “फादर, योहानाच्या बाराव्या अध्यायातला गव्हाचा दाणा मी वीस वर्षे शिकवतो आहे.” पुढे ते काही बोलले नाहीत.

पास्काकाळातील एका रविवारी समारंभ झाला. त्याला सर्वांच्या शेवटी उभे करावे, अशी सूचना त्याच्या आईनेच संकोचून केली होती. आम्ही मुले उंचीप्रमाणे लावली, त्यामुळे तो उंच मुलांत, मागच्या रांगेच्या मध्यावर आला. तो ओरडलाही. ख्रिस्तशरीर उंच धरले त्या क्षणी त्याने एक आरोळी दिली आणि पुढच्या बाकांवरील काहीजण मागे वळले. चित्रफितीत ते आले आहे, असे कळते. आई त्या दिवशी दाराजवळ बसली नव्हती.

आता दर रविवारी मिस्सा संपली की तो आमच्या खोलीच्या दाराशी येतो, चौकटीला धरून उभा राहतो आणि आम्ही झगा उतरवीत असताना तेच हुमाण घालतो. एकही रविवार त्याने दुसरे घातलेले नाही. आम्ही कधी ‘गहू’ म्हणतो, कधी ‘येशू’ म्हणतो. दोन्ही वेळा तो मान डोलावतो, आणि आजीचा हात धरून खोपटच्या वाटेला लागतो.